फोन असताना टॅब कशाला?

शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली की पडवीतल्या खुंटीवरची कापडी पिशवी कोणाच्या तरी नजरेला पडतेच. आत टॅब आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गो, हातात फोन आसताना ह्या कित्याक?" बागायती असलेल्या मैत्रिणी तर सरळ विचारतात, आम्ही घ्यावा का? उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते.

देवगड तालुक्यात कातळावर आमची हापूसची एकशे साठ कलमं आहेत. नवरा मुंबईत नोकरीला, बाग मी आणि सासरे बघतो. सासऱ्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही तेच म्हणते. भाऊंनी १९८८ पासून झाडवार वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक कलमाच्या बुंध्यावर रंगाने नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे मोहोर कधी आला, फवारण्या किती झाल्या, आंबा किती डझन उतरला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात माजघरावरची कौलं उडाली आणि फडताळातल्या वह्या भिजल्या. आठ दिवस वीज नव्हती. चुलीच्या उबेला मी एकेक पान सुकवलं आणि नंतर सगळ्यांचे फोनवर फोटो काढून ठेवले. पण फोनवर ते पान वाचायचं म्हणजे एक ओळ मोठी करा, सरकवा, पुढची शोधा. तोवर ती ओळ कुठल्या झाडाची ते डोक्यातून गेलेलं.

टॅब मात्र त्यासाठी आला नव्हता. दोन दिवाळ्यांपूर्वी नवऱ्याने आणला, साडेदहा इंची, सोबत पेन. पहिले दोन महिने तो कपाटात नाहीतर मुलीच्या कार्टूनसाठी. मी फोनची कामं त्याच्यावर करू बघत होते, तिथे चुकत होतं. त्यात सिम नाही, बँकेचा ओटीपी फोनवरच येणार. ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी पीकनोंद, बागेत उभं राहून करायची, तीही फोनवरच सोपी. ही कामं मी फोनला परत देऊन टाकली. तुम्ही घेणार असाल तर आधी एवढं बघा: फोनवर जे नीट चाललंय ते टॅबवर नेऊ नका, जिथे डोळे बारीक करावे लागतात ते काम शोधा.

माझं ते काम म्हणजे फवारणीचा तक्ता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक तुमच्याकडेही असेल. पालवीवर पहिली फवारणी, बोंगे म्हणजे मोहोराचे कोंब फुटताना दुसरी, मग साधारण पंधरा दिवसांनी पुढची, आणि प्रत्येकीपुढे तुडतुडा या किडीचं औषध, भुरी या बुरशीचं औषध, लिटरला किती. फोनवर याचा डावा रकाना दिसतो तेव्हा उजवा दिसत नाही. त्याच डिसेंबरात मी एका ओळीचं प्रमाण दुसऱ्या फवारणीला घेतलं होतं. पंपात औषध ओतताना भाऊंनी हात धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी टॅब कपाटातून बाहेर काढला. त्यावर अख्खा तक्ता एका नजरेत मावतो, आणि पडदा दुभागला की तक्त्याच्या शेजारी माझी यंदाची नोंद उघडी राहते.

बागेत न्यायचा तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. घामट बोटाने पडदा भलतीकडेच चालतो, पेनाने नीट चालतो. उन्हात काही दिसत नाही, पण कलमाखाली सावलीला तोटा नाही. एप्रिलमध्ये एकदा कातळावर ठेवला तर दहा मिनिटांत तापून बंद पडला. खाऱ्या हवेने चार्जिंगचं तोंड खराब होतं, तिथे मी रबरी बूच लावते. फवारणीच्या दिवशी तो घरीच असतो. औषधाचा हात त्याला लागू द्यायचा नाही, कारण संध्याकाळी त्याच पडद्यावर मुलीची बोटं फिरतात.

राखणीला आमच्याकडे नेपाळचा गडी असतो. त्याला मराठी लिहिता येत नाही, पण नेपाळीही देवनागरीतच लिहितात, आकडे तेच. पाच आणि आठ तो जरा वेगळ्या वळणाने काढतो एवढंच. झाडाचा नंबर आणि उतरलेले डझन तो स्वतः पेनाने लिहितो. पूर्वी संध्याकाळी तोंडी सांगायचा आणि मी आठवून लिहायची, त्यात दोघांची चिडचिड व्हायची. आता काढणी संपली की टॅब हातात देऊन म्हणतो, "दिदी, बघा."

एक नुकसानही सांगते. गेल्या वर्षी ऐन हंगामात मी काही नोंदी फोनवर आणि काही टॅबवर केल्या. बागेत रेंज नव्हती. घरी येऊन दोन्ही जोडले तेव्हा जुनी नोंद नव्या नोंदीवर बसली आणि दोन दिवसांची काढणी पुसली गेली. तेव्हापासून लिहायचं फक्त टॅबवर, फोनवर नुसतं बघायचं. दर रविवारी एक प्रत कार्डावर ठेवते आणि एक नवऱ्याला पाठवते. वाशीच्या बाजारातून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली की तिचा फोटो त्या दिवसाच्या पानाला जोडते. एकदा तीन पेट्या कमी लावल्या होत्या, तारीखवार नोंद दाखवल्यावर हिशेब दुरुस्त होऊन आला.

पण टॅबला खुंटी मिळाली ती भाऊंमुळे. त्यांचा मोतीबिंदू काढलाय, तरी एका डोळ्याने कमीच दिसतं. फोन पुढे केला की ते मान फिरवायचे. गेल्या पावसात एका संध्याकाळी पडवीत मी वह्यांचे ते फोटो टॅबवर लावले, १९९४ चं पान. भाऊंनी दोन बोटांनी ते मोठं केलं, हे नातीकडून शिकलेले, आणि म्हणाले, "ह्या अक्षर माजा." मग खुर्ची जवळ ओढली. फोन एकट्याने बघायचा असतो. टॅब आमच्या दोघांच्या मध्ये चौरंगावर होता.

शाई फुटलेल्या त्या पानावर ३७ नंबरापुढे एक बारीक वर्तुळ होतं. इतकी वर्षं मी तो शाईचा डाग समजत होते. भाऊंनी त्यावर बोट ठेवलं. "ह्यो गोळो म्हंजे साको."

साका बाहेरून कळत नाही. आंबा दिसायला सोन्यासारखा, कापला की आत गर पांढरट, स्पंजासारखा. पेटीत एक निघाला तरी बांधलेलं गिऱ्हाईक दुखावतं. "ह्या झाडाचो आंबो चौदा आण्यार काढूचो," भाऊ म्हणाले, "सोळा जावक दिवचो नाय." सोळा आणे म्हणजे झाडावरच पूर्ण तयार, चौदा म्हणजे त्याच्या जरा आधी. झाडावर जास्त तयार होऊ दिला तर साका वाढतो, आणि खालून तापलेल्या जमिनीची धग लागली तरी वाढतो. त्या रात्री आम्ही सगळी पानं चाळली. वर्तुळवाली अकरा झाडं निघाली, आणि त्यातली नऊ दक्षिणेच्या उघड्या कातळाला लागून. हे भाऊंच्याही एकत्र कधी ध्यानात आलं नव्हतं. वह्या वेगवेगळ्या, वर्षं वेगवेगळी.

थंडीत मी त्या अकरा झाडांखाली पातेरा आणि गवताचा जाड थर घातलाय. पुढच्या आठवड्यात पहिली काढणी. त्यांची फळं वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या आढीत पिकायला जातील, आणि पिकली की कापून बघायची. ३७ नंबरापुढची जागा भाऊंनी मला मोकळी ठेवायला सांगितली आहे. तिथे गोळा काढायचा की नाही ते तेच ठरवणार, पेन त्यांच्या हातात द्यायचं.