बाटली भरलेली, ससा तहानलेला

बेळगावात पाणी गोठत नाही हे मला माहीत आहे, आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी म्हणणार अनगोळात बसून ही बाई बर्फावर काय लिहायला लागली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ च्या आसपास येतो, स्वेटर-मफलर निघतात आणि तेवढंच. पण माझी भाची कॅनडात कॅलगरीला असते, तिनं मागच्या परसात शेडमध्ये ससे पाळलेत, आणि तिथं जानेवारीत रात्री उणे १५ म्हणजे रोजचंच, कधी कधी उणे ३० पण होतं. तिची रात्र ती माझी सकाळ, त्यामुळं मी इथं भांडी घासत असते आणि ती तिकडं टोपी-हातमोजे घालून शेडमध्ये उभी, फोनचा कॅमेरा सशाच्या पिंजऱ्याकडं, "मावशी गे, बघ की, सशांचं पाणी परत गोठलं!"

तर सशाच्या पाण्याच्या बाटलीचं आधी सांगते, कारण खरी गंमत तिथंच आहे. पिंजऱ्याला उलटी लटकवतात ती स्टीलच्या नळीची बाटली, नळीच्या टोकाला छोटी गोळी असते, ससा जिभेनं ती ढकलतो आणि थेंब थेंब पाणी येतं. थंडीत सगळ्यात आधी गोठते ती ही नळी. आत पाणी जेमतेम चमचाभर, बाहेरनं धातू, आणि धातूतनं उष्णता पटकन निघून जाते. वर बाटलीत पाणी अजून पातळ असतं, हलवलं तर डुचमळतं सुद्धा, बघणाऱ्याला वाटतं पाणी आहे की भरपूर. पण खाली गोळी चिकटून बसलेली आणि ससा नुसताच लोखंड चाटतोय. भाचीनं कॅमेऱ्यासमोर नखानं ती गोळी दाबून दाखवली, हलेचना, टिक टिक आवाज नाही की थेंब नाही. म्हणून बाटली किती भरलीय ते बघायचंच नाही, बोट लावून थेंब येतोय का ते बघायचं. बाटलीला जुना लोकरीचा मोजा चढवतात, बबल रॅप गुंडाळतात, त्यानं बाटली वाचते पण नळी उघडीच राहते. माझं मत विचाराल तर कडक थंडीत बाटली ही भरवशाची वस्तूच नाही.

आमचे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, लडाखला राहून आलेत, ते हे ऐकून म्हणाले की आम्ही तर पाण्याची बाटली मुद्दाम उलटी ठेवायचो, बर्फ वरनं धरतो म्हणून तोंड खाली असलं की तोंडाशी पाणी राहतं, मग सशाची बाटली उलटीच आहे तर ती का गोठावी? प्रश्न बरोबर आहे. पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्याच्या खाली गेलं की हलकं होऊन वर येतं, म्हणून बर्फाचा थर वर धरतो. पण त्यांच्या बाटलीला झाकण होतं, हवेत लोंबणारी स्टीलची नळी नव्हती. सासऱ्यांना हे पटलं, पण "नळीच कशाला लावायची मग" म्हणून त्यांनी मुद्दा आपल्याच खिशात घातला, आणि खरं तर उत्तर तेच आहे, नळी नको, भांडं ठेवा.

भांडं पसरट नको, खोलगट हवं, कारण वरचा पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढा बर्फ लवकर. जड हवं, नाहीतर ससा दातानं उचलून पालथं करतो आणि खालचं गवत ओलं. थंडीपेक्षा ओल वाईट, कोरडा ससा बऱ्यापैकी थंडी काढतो, भिजलेला नाही काढत. चिनी मातीचं भांडं जड असतं पण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळं तडा जायची भीती. तिकडं काळी रबरी भांडी मिळतात, साधारण आपले गवंडी वापरतात त्या रबरी घमेल्याच्या जातीची पण लहान. पालथं करून दाबलं की बर्फाची अख्खी चकती टपकन खाली पडते, ठोकाठोकी नाही. भाची अशी दोन ठेवते, एक शेडमध्ये, एक घरात ऊब धरत, आणि कामावर जाताना-येताना अदलाबदली.

पाणी कोमट घालायचं, मनगटावर लागेल-न लागेल एवढं, उकळतं अजिबात नाही, वाफेनं पिंजऱ्यात दमट होतं. आणि वेळ महत्त्वाची. ससे मुख्यतः पहाटे आणि दिवस मावळताना खातात-पितात, तेव्हा दुपारी बारा वाजता प्रेमानं गरम पाणी ठेवून काही फायदा नाही, ते प्यायच्या वेळेपर्यंत दगड झालेलं असतं.

विजेवर गरम राहणारी भांडी पण असतात, थर्मोस्टॅटवाली, म्हणजे गरजेपुरती आपोआप चालू-बंद होणारी, वायरवर स्टीलची स्प्रिंग गुंडाळलेली कारण ससा वायर सोडत नाही. चांगली आहेत, पण लाइट गेली की संपलं. गोठू नये म्हणून पाण्यात मीठ घालायचं नाही, साखर नाही, आणि गाडीचं अँटीफ्रीझ तर जवळपास सुद्धा न्यायचं नाही, विष आहे ते.

कॅलगरीत रस्त्यावर रानटी ससे फिरतात, हिवाळ्यात चक्क पांढरे होतात, त्यांना कोण पाणी देतं असं आमच्या पोरानं विचारलं. ते रानातले, त्यांचं अंग आणि खाणं तसंच घडलेलं, शिवाय मोकळे हिंडतात. पिंजऱ्यातला ससा वाळकं गवत आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या सुक्या खाद्याच्या कांड्या खातो, म्हणजे सगळं कोरडं, त्याला किलोमागं दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं. बर्फ चाटून ते भागत नाही, आणि तो बर्फ वितळवायला परत अंगातलीच ऊब जाते.

आता आपल्याकडचं. बर्फ नाही, पण माझे ससे जानेवारीत बाटलीतलं गार पाणी कमीच पितात असं मला दिसलं, मातीच्या जड भांड्यात चहाच्या आधी थोडं कोमट करून ठेवलं की मान खाली घालून बराच वेळ पितात. भांड्यातनं ससा तसाही जास्त पितो, वाकून प्यायची त्याची मूळ सवयच आहे. मेथी-कोथिंबीर धुऊन ओलीच टाकते, तेवढंच पाणी पोटात. भांडं मात्र रोज घासायचं, दोन दिवसांत बुळबुळीत होतं.

पाणी कमी पडलं की सशाचं पोट थांबतं, हे कॅलगरीला जेवढं खरं तेवढंच खानापूरला. लेंड्या बारीक व्हायला लागल्या, कमी झाल्या, गवत तसंच पडून राहिलं तर सकाळी बघू म्हणायचं नाही. १० ते १२ तास काही खाल्लं नाही तर डॉक्टर गाठायचाच, आणि आपल्याकडं बरेच डॉक्टर गाई-म्हशी, कुत्री बघणारे, तेव्हा ससा बघणार का हे आत्ताच, ससा ठणठणीत असतानाच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.