‘लिफा’ ऐकायची ती सलग, आणि पंखा बंद करून

सांगली, शनिवार

हाइलुंग या युरोपीय बँडची ‘लिफा’, म्हणजे त्यांच्या कार्यक्रमाचं थेट रेकॉर्डिंग, आज पुन्हा लावली. 2017 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या लिसे गावी कासलफेस्ट भरला होता, त्यातला हा कार्यक्रम. कॉयकेनहोफच्या गढीच्या बागेत, उघड्यावर. रेकॉर्डिंग सव्वा तासाच्या आसपासचं आहे, आणि तुकड्यातुकड्यांनी ऐकायचं असेल तर न ऐकलेलंच बरं.

याला नियोफोक, म्हणजे नव्या धाटणीचं लोकसंगीत, म्हटलं तर काटेकोर मंडळी म्हणतील की हे नियोफोकच नव्हे. त्यांचंही चुकत नाही. ऐंशीच्या दशकात इंग्लंडात ते संगीत उभं राहिलं ते अकूस्टिक गिटार आणि खिन्न गळ्यांवर. इथे गिटार औषधालाही नाही. हरणाच्या आणि बकऱ्याच्या कातड्याचे ढोल, शिंगं, हाडं, पूजेची घंटा आणि चक्क रावणहत्था. नारळाच्या करवंटीवर कातडं ताणलेलं आपल्या राजस्थानातलं हे वाद्य युरोपातल्या प्राचीन काळाचा आवाज म्हणून फार सहज खपून जातं.

मुख्य माणसं तीन. नॉर्वेची मारिया फ्रान्झ, जर्मन काय उवे फाउस्ट आणि डेन्मार्कचा क्रिस्टोफर यूल. मारियाचा आवाज वरून स्वच्छ येतो, खाली फाउस्टचा घशातला खर्ज असतो. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. या गायकीत तीही थरथरते, पण निम्म्या वेगाने. म्हणजे गळा 130 हर्ट्झवर लावलेला असला तरी कानाला 65 ऐकू येतं, एक अख्खं सप्तक खाली. मिरजेचा तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला हे लवकर पटतं, कारण जवारी लागल्यावर तंबोऱ्यातही एका स्वराच्या अंगावर वरच्या स्वरांचा थर चढतोच. फरक इतकाच की इथे थर खालूनही लागतो.

नेमकं हेच फोनवर मरतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून साधारण 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर ओळखून घेतो, त्यामुळे ‘ऐकू आलं’ असं वाटतं, पण वजन गेलेलं असतं. लहान ब्लूटूथ स्पीकरची खोड वेगळी. आवाज चढवला की तो स्वतःला वाचवण्यासाठी खालची पट्टी दाबतो, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला मारियाचा आवाज क्षणभर बसतो. गाणं धाप लागल्यासारखं वाटतं. दोष रेकॉर्डिंगचा नसतो. कान झाकणारा, मागून बंद असलेला वायरचा हेडफोन त्याहून कितीतरी बरा. बास-बूस्ट मात्र बंदच ठेवायचा. ढोल आणि खर्ज दोन्ही 60 ते 150 च्या पट्टीत आहेत, ती फुगवली की दोघांचा चिखल होतो.

स्पीकरच असतील तर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यात नाही. दोघांमध्ये सहा फूट, आणि आपण दोघांपासून तितकेच लांब. वर स्लॅब, खाली फरशी अशा आपल्याकडच्या खोलीत टाळीसुद्धा घुमते. जाड सतरंजी अंथरायची, मागच्या भिंतीला गादी टेकवायची.

आवाजाची पातळी सुरुवातीवरून ठरवू नये. आरंभी सगळे रिंगण करून उभे राहतात आणि माणूस, जनावर, झाड, दगड, वारा हे सगळे एकमेकांचे भाऊबंद असल्याचं म्हणतात. हा भाग इतका हळू आहे की हात आपोआप आवाज वाढवायला जातो आणि पुढे ढोल आले की पस्तावतो. आधी शेवटच्या ‘हाम्रेर हिप्प्येर’ या गाण्याचा सगळ्यात दणदणीत भाग लावून तिथे पातळी बसवावी, मग पहिल्यापासून सुरू करावं. छताचा पंखा आरंभ गिळून टाकतो. उन्हाळ्यात सांगलीत पंख्याशिवाय बसणं अशक्य, म्हणून पहाटेची वेळ धरावी. ॲपमधलं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपायच्या आतच दुसरं मिसळणं, शून्यावर आणायचं, नाहीतर दोन गाण्यांच्या सांध्यावर गर्दीचा आवाज दुहेरी होतो.

मला ‘क्रिग्सगाल्डर’ हे गाणं सगळ्यात वरचं वाटतं. त्यात नॉर्वेतल्या एग्या शिलेवरचा, सातव्या शतकातला, रून या जुन्या लिपीतला लेख आहे. ठेका जवळजवळ बदलत नाही. मधे फाउस्ट इंग्रजीत विचारतो की समोरच्याला तलवारीचीच भाषा कळत असेल तर शांततेचं बोलायचं कसं. तोच ठेका, पण प्रश्नानंतर तो धमकीसारखा ऐकू येतो. त्यांचा स्टुडिओतला अल्बम ‘ऑफनिर’ 2015 चा, तोही उत्तम आहे, पण तिथे समोर माणसं नाहीत. इथे गर्दीचे चीत्कार पुसलेले नाहीत, त्यांना ढोलाच्या मधल्या जागेत राहू दिलं आहे.

आपल्याकडच्या धनगरांच्या गजीनृत्याची फोनवर घेतलेली रेकॉर्डिंगं त्यामुळेच जास्त खटकतात. आरेवाडीला बिरोबापुढे ढोल आणि कैताळ, म्हणजे झांजा, घुमतात, रिंगण फिरतं, आणि फाइलमध्ये उरते नुसती फडफड. कारण फोन आवाजाची पातळी आपणहून खालीवर करत राहतो. पहिल्या ठोक्याला माइक फाटतो, मग घाबरून सगळं खाली ओढतो, ठोका संपला की कुजबुज वर येते. कैताळाची धार मोठी असल्याने ढोल त्याच्यामागे लपतो.

हातात धरायचा साधा रेकॉर्डर पुरतो. ऑटो गेन, म्हणजे पातळी आपोआप खालीवर करणं, बंद. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. रिंगणापासून बारा-पंधरा फूट लांब, डोक्याच्या वर, काठीला बांधून, तोंड ढोलाच्या बाजूला आणि कैताळवाल्यांकडे थेट नाही. सर्वात जोराचा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास यावा, रंगात आल्यावर वादक आणखी चढतात, त्यासाठी ही जागा. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. लो-कट बंद ठेवायचा, कारण बहुतेक रेकॉर्डरमध्ये तो 80 हर्ट्झखालचं कापतो आणि ढोलाचा ‘धूम’ बराचसा तिथेच असतो. वाऱ्यासाठी माइकवर लांब केसांची फरची टोपी हवी. सोबत मिळणारा स्पंज कवठेमहांकाळ-जतच्या माळावर पुरत नाही, ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.