टीमचे जेवण ठरवताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वर्षाअखेरीचे किंवा एखादी मोठी ऑर्डर वेळेत गेल्यानंतरचे टीमचे जेवण ठरवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. एचआरमध्ये नव्याने आलेली मुले-मुली मला विचारतात, ‘मॅडम, बेळगावात सगळ्यांत भारी हॉटेल कोणते?’ मी त्यांना आधी पानावर बसणाऱ्यांची यादी करायला सांगते. एकाच विभागात लिंगायत आणि जैन शाकाहारी असतात, हलाल आहे की नाही हे विचारल्याशिवाय मांसाहाराला हात न लावणारे असतात, चंदगड-खानापूरकडून रोज येणारे, मटणाशिवाय जेवण झाले असे न मानणारेही असतात. त्यातून श्रावण किंवा मार्गशीर्षातला गुरुवार आडवा आला की निम्मी यादी शाकाहाराकडे सरकते. ही यादी हातात असल्याशिवाय मी कोणत्याही हॉटेलला फोन करत नाही, कारण पलीकडचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, ‘करूया की हो मॅडम, काय काळजी करू नका’ यापलीकडे काही सांगत नाही.

तारीख ठरवताना पंचांग आणि वर्तमानपत्र दोन्ही उघडून बसावे लागते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्ताच्या दिवशी मोठ्या हॉटेलांचे हॉल लग्नांना आणि रिसेप्शनला गेलेले असतात. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते, बहुधा डिसेंबरात, आणि त्या काळात आमदार, अधिकारी, पत्रकार व बंदोबस्तावरचे वरिष्ठ यांनी चांगल्या हॉटेलांच्या खोल्या व्यापलेल्या असल्यामुळे तिथल्या रेस्टॉरंटचा कर्मचारीवर्गही त्यांच्याच दिमतीला असतो. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, संध्याकाळी शहराच्या मध्यातून गाडी काढणे शहाणपणाचे नाही. गणेश विसर्जन आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्रींचेही तेच. २ ऑक्टोबरला दारूबंदी असते, ही गोष्ट सेल्सच्या मंडळींना दरवर्षी नव्याने सांगावी लागते.

हॉटेल प्रत्यक्ष पाहायला मी शनिवारी रात्री आठच्या सुमारास जाते. आठवड्यातल्या दुपारी सगळीच हॉटेले शांत आणि तत्पर दिसतात. पाहायचे असते ते मुख्यतः टेबल. पंचवीस माणसे म्हटली की मॅनेजर चौकोनी टेबले जोडून एक लांबच लांब रांग करून देतो, आणि फोटोत ती शोभतेही. पण वेटर स्वयंपाकघराच्या बाजूने स्टार्टरचे ताट घेऊन निघतो, मध्यावर बसलेल्या मोठ्या साहेबांपाशी थांबतो, आणि टोकाला बसलेल्या ट्रेनी फिटरपर्यंत ते येते तेव्हा त्यात कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड उरलेली असते. तो मुलगा मग मसाला पापड मोडत बसतो आणि शेजारच्याशीच काय ते बोलतो. म्हणून आठ-दहा जणांची गोल टेबले असलेली जागा मी आधी निवडते, मग ती शहरातल्या कॅम्प भागातली असो की महामार्गावरची, आणि प्रत्येक टेबलाला स्वतंत्र वेटर मिळेल का ते विचारते. गाण्यांचा आवाज कमी करता येतो का, हेही त्याच वेळी करून दाखवायला सांगते.

महागड्या हॉटेलातला खरा अडसर मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूचे आकडे हा आहे. कंपनी पैसे देणार आहे हे ठाऊक असूनही कमी पगाराचा माणूस रकान्यातला सगळ्यांत लहान आकडा शोधतो आणि व्हेज फ्राइड राइस मागवून मोकळा होतो, तर वरिष्ठ बिनदिक्कत प्रॉन्स मागवतात. हे टाळायचे असेल तर सेट मेन्यू ठरवावा किंवा त्या रात्रीपुरती दर नसलेली कार्डे छापून घ्यावीत. बरीच हॉटेले विचारल्यास ती देतात. बेंगळुरू-पुण्याचे पाहुणे असतील तर शेवटी कुंदा ही बेळगावची मिठाई असावी असा माझा आग्रह असतो, आणि हॉटेलच्या यादीत ती नसेल तर बाहेरून आणण्याची परवानगी मी आधीच लेखी घेते.

लेखी हा शब्द मी दराच्या बाबतीत तर सोडतच नाही. प्लेटचा दर, किमान किती प्लेटचे पैसे द्यावेच लागतील, स्टार्टर किती प्रकारचे व किती वेळा फिरणार, आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट, एवढे ईमेलवर आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ या दोन शब्दांवर तर थांबून चौकशी करावीच. रेस्टॉरंटला साधारणतः ५ टक्के जीएसटी लागतो, पण ज्या हॉटेलच्या खोल्यांचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते तिथे तो १८ टक्के होऊ शकतो. जेवणावरच्या या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या देय करातून त्याची वजावट, आमच्यासारख्या कंपनीला सहसा मिळत नाही, त्यामुळे तो सगळा खर्चातच धरावा लागतो. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे, आणि आमची कंपनी त्याचे पैसे देत नसल्यामुळेही, त्याचे बिल पहिल्यापासून वेगळे ठेवायला सांगते. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. तरीही एका हॉटेलने तो आमच्या बिलात निमूटपणे घातला होता. मी निर्णयाचा उल्लेख करताच कॅशियरने एक शब्द न बोलता दुसरे बिल छापून दिले. वेटरना बक्षिसी आम्ही नंतर रोख दिली, ती त्यांच्याच हातात पडली.

वेळेबद्दल माझे आणि आमच्या साहेबांचे अजून जमत नाही. त्यांना रात्री नऊ ही जेवणाची प्रतिष्ठित वेळ वाटते. मी सात सांगते, कारण सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन सहकाऱ्यांना त्याआधी, सूर्यास्तापूर्वीच, वेगळे वाढून घेता येते आणि चंदगडकडे जाणाऱ्यांची परतीची सोय रात्री दहानंतर अवघड होते. गाड्या कंपनीच्या असतील तर चालकांच्या प्लेटाही त्याच यादीत धराव्यात, आणि त्यांना पार्किंगमध्ये पार्सल न देता आतच कुठल्या टेबलावर बसवणार, हे आदल्या दिवशीच्या फोनवर कॅप्टनकडून वदवून घ्यावे.