पत्रिका मागाहून

चित्रपट पाहून झाल्याशिवाय त्याचे परीक्षण वाचायचे नाही, हा माझा जुना नेम आहे; घरच्यांना तो लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसण्यासारखा वाटतो. मुष्टियुद्ध शिकणाऱ्या डायना या मुलीची गोष्ट सांगणाऱ्या 'गर्लफाइट'च्या बाबतीतही मी तो पाळला.

कॅरिन कुसामा यांचा हा पहिला चित्रपट सुमारे १० लाख डॉलरमध्ये झाला. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच; तीही उभी राहिली ती दिग्दर्शक जॉन सेल्स यांनी हात दिल्यामुळे. २००० सालच्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले, दिग्दर्शनाचेही मिळाले. समीक्षकांनी कौतुक केले, तरी अमेरिकेतला गल्ला १५ लाख डॉलरच्या आसपासच थांबला.

परीक्षणांत 'रॉकी' या मुष्टियोद्ध्यावरच्या गाजलेल्या चित्रपटाची आठवण निघणे अटळच होते. ब्रुकलिनमधली गरीब वस्ती, कडवट बाप, जुना प्रशिक्षक आणि शेवटी मोठी लढत, हा सारा साचा ओळखीचा आहे, अशी तक्रार दिसते. ती मला पटत नाही. मुष्टियुद्धात रिंगण, घंटा आणि फेऱ्या ठरलेल्याच असतात. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यान आधीच ठाऊक असते, तो येतो बुवांसाठी. इथे आपण बसतो ते डायना साकारणाऱ्या मिशेल रॉड्रिगेझसाठी. अभिनयाचा अनुभव जवळपास नसलेली ही मुलगी आरंभीच शाळेच्या वऱ्हांड्यात मान खाली घालून उभी असते आणि मग डोळे वर करून थेट आपल्याकडे पाहते. त्या नजरेपुढे समीक्षकही नरमले, यात नवल नाही.

दुसरा आक्षेप मात्र मलाही मान्य करावा लागतो. वजनगट जुळला म्हणून डायना आणि तिचा प्रियकर एड्रियन अंतिम सामन्यात समोरासमोर येतात, हे घशाखाली उतरत नाही. (रॉकीच्या प्रेयसीचे नावही एड्रियनच, हा योगायोग नसावा, असा माझा संशय आहे.)

मला स्वतःला या साऱ्यांपेक्षा डायनाचा धाकटा भाऊ टायनी अधिक आठवतो. बाप त्याच्या बॉक्सिंगच्या शिकवणीचे पैसे भरतो, मुलीला मात्र दमडी देत नाही. आणि चित्रकलेत जीव रमणारा तो पोरगा ती शिकवणी सोडून आपले पैसे बहिणीच्या हाती ठेवतो. परीक्षणांत त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.