एमजीबीचा ब्रीदर: व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर की कॅच टँक?

गाडी १९६६ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार. प्रश्न तिच्या ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणाऱ्या वाटेचा. पाच बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, आणि इनलेट मॅनिफोल्डवर स्मिथ्स कंपनीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे तो वायू ओढून पुन्हा इंजिनात जाळायला पाठवणारा व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणातून, तेल झिरपत होतं. अशा वेळी सगळे गॅस्केट बदलायला सांगतात. पण पिस्टन रिंगमधून खाली उतरणाऱ्या वायूला बाहेर पडायची वाट नसेल, तर नवं गॅस्केटही फार दिवस टिकत नाही.

म्हणून आधी व्हॉल्व्ह तपासला. इंजिन तापवून आयडलवर (गॅस न देता मंद गतीवर) ठेवायचं आणि तेल भरायचं झाकण काढायचं. व्हॉल्व्ह चालू असेल तर वेग साधारण २०० आरपीएमने वाढतो, कानालाही कळतं. इथे काहीच फरक पडला नाही. वरची तारेची क्लिप काढली की झाकण, डायफ्राम, मीटरिंग सुई आणि स्प्रिंग सुटतात. सुई काळ्या चिकट गाळाने अडकली होती. धातूचे भाग पेट्रोलने धुतले, डायफ्राम साबणाच्या पाण्याने, कारण पेट्रोलने रबर फुगतं. डायफ्राम फाटलेला असता तर आजार वेगळा दिसला असता: बाहेरची हवा आत शिरून मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि आयडल बिघडतो.

मग पुढचं टॅपेट कव्हर. त्याच्या ऑइल सेपरेटरमधली, म्हणजे वायूतलं तेल वेगळं करणाऱ्या डबीतली, जाळी तुंबली की व्हॉल्व्ह कितीही चकचकीत असला तरी उपयोग नाही. वेळखाऊ काम हेच, कारण कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. कव्हर एकाच बोल्टवर असतं. जास्त आवळलं तर पत्रा वाकतो आणि गळती नव्याने सुरू होते. होज तेल सोसणारा हवा. हीटरचा होज तेलाने मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो.

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे तेलाचं झाकण. ताजी हवा आत येते ती त्यातूनच. आतला फिल्टर साफ होत नाही, दर १२,००० मैलांना अख्खं झाकणच बदलायचं. इथे बंद झाकण लावलं तर हवा खेळत नाही आणि वाफ साचून झाकणाखाली पांढरट लगदा जमतो. कार्बन कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) असलेल्या नंतरच्या गाड्यांत मात्र बंदच झाकण लागतं. तिथे हवा रॉकर कव्हरच्या बारीक नळीतून येते.

पुढच्या काळात एमजीने व्हॉल्व्ह काढून टाकला आणि वायपीसमधून (वाय आकाराच्या जोडणीतून) दोन्ही कार्ब्युरेटरना नळ्या दिल्या. कार्ब्युरेटरचा पिस्टन आणि थ्रॉटल यांच्या मधल्या जागेत ओढ जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे डायफ्रामची कटकट नाही. माझ्या मते तीनांतला हाच उत्तम मार्ग. पण जुन्या एचएस४च्या बॉडीला ती नळीच नसते, म्हणजे कार्ब्युरेटरची जोडी बदलणं आलं.

कॅच टँक, म्हणजे ब्रीदरमधून येणारं तेल साठवणारा डबा, स्वस्त. पण तो हवेत उघडा ठेवला की दाब फक्त सुटतो, ओढ मिळत नाही आणि ओलावा क्रँककेसमध्येच (इंजिनच्या पोटातच) राहतो. शर्यतीच्या गाडीला चालेल; गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला नाही.

मी स्मिथ्सचा व्हॉल्व्हच ठेवला, नव्या डायफ्रामसह. त्यानंतर मिश्रण पुन्हा लावावं लागतं, आणि तेही तेलाचं झाकण जागेवर ठेवूनच. एवढं करूनही ब्रीदरमधून धूर येत राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावं. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकल्यावर आकडा चढला तर रिंग गेल्या आहेत.