आमची वाटचाल : भरतीच्या बारपासून पार्कोरच्या बॉक्सपर्यंत

साताऱ्यात एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आप्पांनी सुरू केलं तेव्हा कामं ठरलेली असायची, खिडकीची ग्रील, शटर, जिन्याचं रेलिंग, गोठ्याचं शेड. पण आपला जिल्हा फौजेचा, अपशिंगे मिलिटरी गाव इथलं, देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ ला इथंच निघाली, त्यामुळं भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या वाढल्या तशी आमच्याकडं त्यांचीही कामं यायला लागली. लष्कर भरतीत १.६ किलोमीटर पळायचं, बीमवर पुलअप्स मारायचे, ९ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि झिगझॅगवरनं तोल सांभाळत चालायचं. खड्डा अकॅडमीवाले स्वतः खणायचे, बाकी बीम आणि झिगझॅग आमचं.

त्यातनंच पार्कोर, म्हणजे भिंत, रेलिंग, बॉक्स असले अडथळे पळत, उड्या मारत, चढून ओलांडायचा व्यायामप्रकार, आमच्या दारात आलं. एका अकॅडमीतली दोन-चार पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून संध्याकाळी आम्हीच बनवलेल्या डबल बारवरनं हात टेकून उड्या मारायची, त्यातला एक जण शेडवर आला आणि म्हणाला, काका, असला लाकडी बॉक्स बनवून द्याल का? मी विचारलं, आत्ता कुठं करता रे प्रॅक्टिस, तर म्हणाला अजिंक्यताऱ्यावर, तटाच्या कडेनं. त्याला मी तिथंच सांगितलं की किल्ल्यावर नको. जुनं बांधकाम आहे, दगड कधी हलेल सांगता येत नाही, पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि आपल्या उडीनं निखळलेला चिरा परत बसवणार कोण? बॉक्स मी देतो म्हटलं, पैसे जमतील तसे द्या.

बनवायच्या आधी हे नेमकं काय आहे ते नीट समजून घेतलं. फ्रेंच नौदलातला एक अधिकारी होता, जॉर्ज एबेर, त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पळणं, चढणं, उडी, तोल, उचलणं, फेकणं, पोहणं असल्या नैसर्गिक हालचालींवर व्यायामाची पद्धत बसवली, त्यातनं तिकडच्या सैन्याचे अडथळ्यांचे कोर्स आले. त्यात तयार झालेला रेमों बेल पुढं पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला आणि त्याच्या मुलानं, डेव्हिड बेलनं, सेबास्तियन फूकाँ आणि बाकीच्या मित्रांबरोबर पॅरिसजवळच्या लीस गावात हे उभं केलं. म्हणजे जे आम्ही भरतीसाठी वेल्डिंग करत होतो त्याचंच हे भावंड निघालं! एबेरचं म्हणणं होतं की बळकट व्हा ते कुणाच्या तरी उपयोगी पडायला. हे मला फार आवडलं, आप्पांनाही वाचून दाखवलं.

पहिला बॉक्स १८ एमएमच्या प्लायचा केला, खाली रुंद वर अरुंद, म्हणजे पळत येऊन हात टेकला तरी कलंडत नाही. आता आम्ही ७१० ग्रेडचाच, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय वापरतो कारण साताऱ्याच्या पावसात साधा प्लाय फुगतो, कडा राऊटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीननं, गोल करतो आणि शेवटच्या रंगाच्या हातात बारीक चाळलेली वाळू मिसळतो, बूट घसरत नाही. रेलिंगला दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप, म्हणजे बाहेरनं ४८ एमएम, तो मोठ्यांना पायाखाली बरा पडतो, पण दहा वर्षांच्या पोराची मूठ त्यावर वळत नाही, म्हणून लटकायच्या बारला लहानांसाठी एक इंची पाइप घेतो. पावडर कोटिंग दिसायला छान पण ओल्या हाताला गुळगुळीत लागतं, आम्ही गॅल्व्हनाइज्ड तसाच ठेवतो. जोड वेल्डिंगचे न करता क्लॅम्पचे दिले की उंची बदलता येते, फक्त क्लासच्या आधी नट रोज तपासायचे, पाना आम्ही सेटबरोबरच देतो.

मॅट मेव्हणा शिवतो, त्याचं सीट कव्हरचं दुकान आहे. आणि इथं पालकांशी आमची सगळ्यात जास्त चर्चा होते. प्रत्येकाला जाड गादी पाहिजे असते, फूटभर जाड, मुलगं पडलं तर लागू नये म्हणून, आईबापांचा जीव आहे, समजतं. पण नवशिक्याला जाड मऊ गादी दिली की पोरगं कसंही पडतं, टाचेवर, ताठ गुडघ्यानं, गादी सगळं झाकते, आणि मग तेच पोरगं बाहेर फरशीवर तशीच उडी मारतं, वर मऊ फोममध्ये पाय रुतून घोटा मुरगळतो ते वेगळंच. म्हणून सुरुवातीला पातळ, घट्ट मॅट. जमिनीवर खडूनं रेघ मारायची आणि तिच्यावर उडी मारून थांबायला शिकायचं, चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, आणि कान द्यायचा, धप्प आवाज आला म्हणजे उडी चुकली. मग रोल. आपल्याकडच्या पोरांना तालमीतली सरळ कोलांटी येते पण ही तिरकी असते, एका खांद्यावरनं विरुद्ध बाजूच्या कमरेवर, मणका सरळ जमिनीला लागू द्यायचा नाही. हे अंगात भिनायला महिने जातात, जाऊ देत. त्यानंतर गुडघाभर उंचीचा बॉक्स, एक हात आणि विरुद्ध पाय टेकून ओलांडायचं, त्याला सेफ्टी व्हॉल्ट म्हणतात, कॉंग (दोन्ही हात टेकून मधनं पाय काढायचे) वगैरे पुढचं. फ्रीरनिंगच्या, म्हणजे कसरतीच्या अंगानं जाणाऱ्या प्रकारातल्या, बॅकफ्लिपला (हवेतल्या उलट्या कोलांटीला) मात्र जाड गादी आणि शेजारी उभा राहणारा जाणता माणूस दोन्ही पाहिजेत, तिथं कंजूषी नको.

यामुळं काही ऑर्डर गेल्या. एका संस्थेला जाहिरातीच्या फोटोसाठी आठ फुटी भिंत आणि प्लॅटफॉर्म पाहिजे होता, शिकवणारा कोण विचारलं तर अजून ठरलं नाही म्हणाले, आम्ही काम घेतलं नाही. आप्पा तेव्हा थोडे नाराज झाले, रक्कम चांगली होती. करोनात तर शाळा, अकॅडम्या सगळंच बंद, तेव्हा ग्रीलनंच घर चाललं.

आता बरं चाललंय. जागतिक जिम्नॅस्टिक्स संघटनेनं २०२२ ला टोकियोत पार्कोरची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, स्पीड आणि फ्रीस्टाइल, मुलांची मुलींची दोन्ही, हे सांगितलं की शाळेचे सर लोक जरा ऐकून घेतात. आणि मुलींच्या पालकांना मी माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरचं सांगतो, अडथळ्यांच्याच शर्यतीत, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, ती २०१६ ला रिओ ऑलिंपिकची फायनल पळाली. सध्या मुलींच्या एका बॅचसाठी कमी उंचीचे बॉक्स चाललेत, त्यांच्या मॅडमनी स्वतः येऊन उंची ठरवली.

कुणाला सेट करून घ्यायचा असेल तर येताना पोरांना बरोबर आणा. शेडमध्ये वेगवेगळ्या मापाचे पाइप लावून ठेवलेत, ज्याच्यावर मूठ पूर्ण वळून अंगठा बोटांना टेकतो तोच पाइप आम्ही कापतो.