आयफेलच्या डोंगरातलं दुष्काळी काम

"टोल भरायचा, गोल फिरायचं आन् पुन्हा तिथंच यायचं? मग गेलाच कशाला?"

चाळीसगावहून फोनवर अप्पांनी हे विचारलं आणि मला हसू आलं, कारण प्रश्न चोख होता. जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला न्युर्बुर्गरिंगचा जुना शर्यतमार्ग, नॉर्डश्लायफे, शर्यत नसते तेव्हा ठरावीक दिवशी कायद्याने चक्क एकेरी टोलरस्ता असतो. तिकीट काढायचं आणि आपली गाडी आत घालायची. माझी जुनी, भाजी आणायची गाडीही त्यांनी सोडली.

एक फेरी २०.८ किलोमीटरची. वळणं सत्तरच्या वर, चढउतार जवळपास ३०० मीटरचा. कन्नडचा घाट पाठ असलेल्या माणसाला वळणांचं काय भय, अशा तोऱ्यात मी गेलो होतो. पण आपल्या घाटात जीव मुठीत असतो तो समोरून येणाऱ्या ट्रकमुळे. इथं समोरून कुणीच येत नाही, मागून येतात. उजवी कड धरून मी मुकाट चाललो होतो आणि डावीकडून पोर्शे सुंईकन निघून जात होत्या. कठडा ठोकलात तर त्याचं बिलही तुमच्याच नावावर.

हा रस्ता झाला कसा, ते कळल्यावर मात्र मला आमचे आबा आठवले. आयफेल तेव्हा गरीब मुलूख. १९२५ मध्ये काम काढलं त्यात शर्यतीची हौस होती, तशी बेकारांच्या हाताला काम देण्याची निकडही होती. आबा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे, तसंच की हे! न्युर्बुर्गच्या पडक्या किल्ल्याभोवती हजारो माणसं राबली. जून १९२७ मध्ये उद्घाटन झालं आणि मोटारींची पहिली शर्यत रुडॉल्फ काराचिओलाने मर्सिडीजमधून जिंकली. तेव्हा सगळा मार्ग मिळून २८ किलोमीटर होता.

या मार्गाला 'हिरवा नरक' हे नाव दिलं फॉर्म्युला वन चालक जॅकी स्टीवर्टने. १९६८ साली पाऊस आणि धुक्यात तो इथं चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, तरी त्याला या जागेचं प्रेम कधी वाटलं नाही. त्याची भीती खोटी नव्हती. १ ऑगस्ट १९७६ ला बेर्गवेर्क वळणाच्या आसपास, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, निकी लाउडा या चालकाची फेरारी बांधावर आदळून पेटली. एवढ्या लांब रस्त्यावर मदत पोहोचणार कधी? शेवटी मागून आलेल्या चार चालकांनीच गाड्या थांबवून त्याला आगीतून ओढून काढलं. सहा आठवड्यांनी, जखमा ओल्या असताना, तो इटलीत मोन्झाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. फॉर्म्युला वन मात्र नॉर्डश्लायफेवर पुन्हा धावली नाही. १९८४ मध्ये शेजारी नवा, आखूड मार्ग झाला. तो मी कुंपणाबाहेरूनच पाहिला. नीटनेटका आहे, बस.

ब्रुन्शेन वळणाजवळ लोक घडीच्या खुर्च्या टाकून, सॉसेज खात, कोण घसरतंय ते बघत बसलेले असतात. मला सारंगखेड्याची यात्रा आठवली. घोडा घ्यायचा नसतो, पण चाल जोखायची असते.

फेरी संपवून संध्याकाळी अप्पांना पुन्हा फोन लावला. काराचिओलाच्या नावाचं वळण आहे, सांगितलं. इथल्याच न्युर्बुर्ग गावात वाढलेल्या शर्यतचालक झाबिने श्मिट्झबद्दलही सांगितलं. १९९६ मध्ये इथली २४ तासांची शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. २०२१ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी एका वळणाला तिचं नाव दिलं.

अप्पा जरा थांबले. मग म्हणाले, "खडी फोडणाऱ्यांच्या नावाचं एखादं वळण आहे का रे?"

माझ्याजवळच्या नकाशावर नव्हतं.